वरच्या गल्लीचं पाणी

१

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाणीखात्यात वस्तादांच्या हाताखाली कामाला नुकता लागलो होतो. रस्त्यात एक चौकोनी खड्डा, म्हणजे चेंबर, त्यावर लोखंडी झाकण. वस्तादांनी झाकण सरकवलं, लांब दांड्याची चावी खाली व्हॉल्व्हवर बसवली आणि म्हणाले, "मुठीला कान लाव."

लोखंड गार होतं. आधी काहीच नाही. मग हळूहळू एक 'सूं' ऐकू यायला लागलं. सर्दी झालेलं तान्हं बाळ दूध पिताना करतं, तसं. आणि मग एकदम 'ठक्'. जमिनीच्या पोटातून कुणीतरी बोटाच्या पेराने दार वाजवावं, तसं. मी दचकून कान काढला.

वस्ताद हसले. म्हणाले, "भ्यायचं काय त्यात? कुणीतरी नळ बंद केला. सूं म्हणजे पाणी, ठक् म्हणजे माणूस. गळती कधी नळ बंद करत नाही."

त्यांची एक शिस्त होती. कुठलीही लाइन बंद करण्याआधी चावीला कान लावायचा. कुणाच्या डोक्याला साबण असेल, कुणाचं बाळ न्हात असेल. ज्याचं पाणी वापरणं चालू असेल त्याचं 'ठक्' होऊ द्यायचं आणि मगच चावी फिरवायची. माणसाच्या तोंडचं पाणी काढून घेऊ नये, म्हणायचे.

मी जन्मभर तसंच केलं. शिक्षण माझं नसल्यात जमा. जे काही आलं ते कानावाटे आलं.

२

या उन्हाळ्यात डोंगर पेटला.

आधीच्या वर्षी गवत कमरेइतकं वाढलं होतं आणि यंदा कागदासारखं वाळलं होतं. हवेत ओल म्हणून नव्हती. गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसे. दुपारी वारा सुटला आणि आग माथ्यावरून अलीकडे उतरली. घरं रिकामी करायचा हुकूम आला. बसगाड्या लागल्या.

घर सोडताना काय करायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं. दाराला कुलूप लावायचं नाही, नुसतं ओढून घ्यायचं. दिवे सगळे लावून ठेवायचे. धुरात घर दिसावं आणि आग विझवणाऱ्यांना आत शिरता यावं, म्हणून. त्यामुळे मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा भर दुपारी वरच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांत दिवे लागले होते. तपकिरी धुरात ती गल्ली लग्नघरासारखी उजळली होती आणि आत चिटपाखरू नव्हतं.

साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे पाणीखात्याचे इंजिनिअर, वयाने माझ्या मुलासारखे. म्हणाले, "काका, वरची गल्ली रिकामी झालीय. तिचं पाणी तोडा आणि सगळं दवाखान्याकडे जाऊ द्या. खाटेवरची माणसं अजून आत आहेत."

टाकी एकच. पाणी तेवढंच. त्यांचं बरोबरच होतं, आणि आजही कुणी विचारलं तरी मी बरोबरच म्हणेन.

शेवटची बस निघत होती. मी ड्रायव्हरला ओरडून विचारलं, "कुणी राहिलंय का?"

"सगळे बसलेत. तुमचे वरच्या गल्लीतले गुरुजीसुद्धा बसलेत खिडकीशी. हातात बादली घेऊन बसलेत. म्हटलं गुरुजी, आगीला जाताय की आंघोळीला? तुम्हीही चढा आता, काका."

"तू हो पुढे. माझी गाडी आहे."

मी चेंबर उघडलं, चावी बसवली आणि कान लावला. शर्टावर ठिणग्या पडत होत्या, तरी लावला. सूं नव्हतं. ठक् नव्हतं. काही काही नव्हतं. कुणी घाई केली म्हणेल, तर नाही. मी चांगला वेळ ऐकत राहिलो. मग चावी फिरवली, पार आवळेपर्यंत.

दवाखाना वाचला. माणसं बाहेर निघाली.

गुरुजी पुढच्या वळणावर बसमधून उतरले होते. तिथे बसवाले एका म्हाताऱ्या बाईला उचलून वर घेत होते, त्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. ते का उतरले, ते कुणालाच माहीत नाही. आग शमल्यावर ते स्वतःच्या घरात, न्हाणीघरात सापडले. नळ उघडा होता.

३

आम्हाला खालच्या गावातल्या शाळेत ठेवलं होतं. वर्गांत सतरंज्या आणि फळ्यावर कुठल्या वर्गात कुठली गल्ली ते लिहिलेलं. दिवसभर करायला काही नाही, म्हणून माणसं भांडत. आग कशाने लागली, यावर.

दुकानदार म्हणायचा, "विजेच्या तारा. वाऱ्याने एकमेकींवर घासल्या. दुसरं काही नाही."

"तारा कधीपासून आहेत?" न्हावी विचारायचा. "मी जन्मापासून बघतोय. डोंगर आजच बरा पेटला."

"तू बिड्या ओढतोस तेही जन्मापासूनच."

"माझी बिडी चहा गरम करायची नाही, डोंगर काय पेटवते."

वनखात्यातला एक रखवालदार होता. तो सांगायचा की पूर्वी थंडीत गवताचे पट्टे मुद्दाम जाळायचे, म्हणजे उन्हाळ्यात आगीला खायला काही उरत नसे. ते बंद झालं. त्यावर कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई म्हणायच्या की गवत आहेच, पण अशी उष्णता आणि असा कोरडा वारा आपल्या आजोबांनी पाहिला नव्हता, सगळ्या जगाचीच हवा तापलीय. "मग जगाला नोटीस पाठवा," दुकानदार म्हणायचा, आणि सगळे हसायचे. मग हसणं थांबायचं, कारण तिथल्या कित्येकांचं घर गेलेलं होतं.

मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. मला वाटायचं, सगळेच थोडे थोडे खरं सांगतायत. पण या सगळ्यांना आग कशाने लागली ते हवं होतं. पाण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. उलट दवाखान्यातून वाचलेल्यांची मुलंबाळं येऊन माझे हात धरत. "काका, तुमच्यामुळे." मी हात सोडवून घ्यायचो. सोडवल्यावर ते विस्तवातून काढल्यासारखे वाटायचे.

गुरुजींची मुलगी आली ती तिसऱ्या का चौथ्या दिवशी. दूर नोकरीला असते. मी तिला तिच्या वडिलांच्या सायकलवर पुढे बसलेली पाहिलेली. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, त्यानंतर दुपारी मला ओट्यावर बसवून त्यांनी सही करायला शिकवलं होतं. "पाणीवाले, अंगठ्याला आता सुट्टी द्या," म्हणायचे. असा माणूस.

ती माझ्यासमोर सतरंजीवर बसली. रडून रडून डोळे कोरडे झाले होते.

"काका, एकच विचारते. नळ उघडा होता म्हणतात."

"हो."

"म्हणजे पाणी होतं ना? बाबांना पाणी मिळालं ना?"

वर्गात शेजारी कुणीतरी तारांबद्दल बोलत होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"होतं," मी म्हणालो. "शेवटपर्यंत होतं."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तो श्वास मी अजून ऐकतो.

४

परतलो तेव्हा खालच्या गल्ल्या शाबूत होत्या. वरच्या गल्लीत भिंती तेवढ्या उभ्या. नळ वितळून पाइपांची बोंडं राहिली होती. तिकडचा व्हॉल्व्ह बंदच होता आणि बंदच ठेवायचा होता. पाणी द्यायचं कुणाला?

माझं काम पूर्वीसारखं सुरू झालं. दुपारी मधल्या गल्लीचं पाणी सोडायचं, ते चेंबर वरच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी. एके दिवशी सवयीने हात चुकला आणि चावी वरच्या गल्लीच्या व्हॉल्व्हवर बसली. तिथे बसली म्हणून कानही लागला.

करकर असं काहीतरी ऐकू आलं. जुन्या नळाची मूठ फिरवल्यावर होते तशी. मग बराच वेळ शांत. मग ठक्. आणि त्याच्या मागोमाग, बारीक, आणखी एक ठक्.

मी चावी काढली, पुसली, पुन्हा लावली. काही नाही. मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या, कान गेले तुझे. चावी मधल्या गल्लीवर बसवून पाणी सोडलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी हात चुकला नाही. मुद्दाम लावली. करकर. शांत. ठक्, आणि ठक्.

ते दुसरं ठक् मी ओळखलं. कारण त्या गल्लीतल्या एकेका नळाचा वायसर मी बदललेला आहे. सगळ्यांत जास्त वेळा गुरुजींचा. ते नळ बंद करायचे आणि मग थेंब गळू नये म्हणून पुन्हा एकदा जोर लावून आवळायचे. "गुरुजी, पोराचा कान पिळताय का नळाचा?" मी म्हणायचो. "दोघंही त्याशिवाय ऐकत नाहीत," ते म्हणायचे.

मी साहेबांना सांगितलं. सगळं नाही. एवढंच की बंद लाइनीत आवाज येतो. साहेब भला माणूस. उन्हात माझ्याबरोबर आले, स्वतः गुडघे टेकून कान लावला.

"मला तर काही येत नाही, काका."

"मघाशी होता."

"पाइप एवढे तापले होते, आता आकसतायत. आत हवाही अडकली असेल. आवाज करणारच." मग उठून, माती झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही नीट झोपत नाही, हे दिसतंय मला. त्या दिवशी हुकूम माझा होता. लक्षात ठेवा. तुमचा नव्हता."

त्यांचं म्हणणं मला पटलं. पाइप आकसतात हे खरंच आहे. पण आकसणारा पाइप आधी करकरतो, मग पाण्याची वाट बघतो, मग ठकठकतो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि वाट बघतो म्हणायचं कारण असं की मध्ये सूं नव्हतं. एकदाही नव्हतं. कुणीतरी नळ उघडत होतं, थांबत होतं, आणि पाणी येत नाही म्हणून पुन्हा बंद करत होतं.

मला याहून दुसरंच काहीतरी खात होतं. त्या दिवशी मी कान लावला तेव्हा हेच ऐकू यायला हवं होतं. तेव्हा ऐकू आलं असतं तर मी चावी फिरवली नसती. तेव्हा जे आलं नाही ते आता येत होतं. आवाजाला वाटेत एवढा वेळ लागतो का, हे कुणाला विचारणार?

५

एका दुपारी मी वर गेलो. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघावं म्हणजे कानाची खोड मोडेल.

गुरुजींच्या घराला छप्पर नव्हतं. ऊन थेट आत पडलं होतं. बाहेरची खोली, तिथे पुस्तकांची राख अजून पानापानांची दिसत होती. फुंकर घातली असती तर उडाली असती. मी श्वास धरून बाजूने गेलो. मागे न्हाणीघर. तीन भिंती, आणि दाराची नुसती चौकट. भिंतीतून पाइपाचं बोंड बाहेर आलेलं, टोक वितळून चपटं झालेलं. नळाचं जे उरलं होतं ते पोलिसांनी नेलं होतं; आता नळ नव्हताच. उघडा नाही नि बंद नाही.

बोंडाखाली फरशीवर राखेचा थर होता. त्या थरात एक गोल उमटला होता. बादलीच्या बुडाचा. त्याला छेदून आणखी एक, थोडा पुढे. आणखी एक मागे. खूप होते. कुणीतरी बादली ठेवत होतं, उचलत होतं, जरा सरकवून पुन्हा ठेवत होतं. धार कुठे पडेल याचा अंदाज घ्यावा, तसं.

पावलं नव्हती. माझी सोडून.

मी स्वतःला समजावलं. भंगारवाले येऊन गेले असतील. पोलीस येऊन गेले. कुणी काही ठेवलं असेल, कुणी काही उचललं असेल. राख रोज वाऱ्याने सरकते, मग जुन्या पावलांचं काय राहणार? गोल तेवढे मात्र राहिले होते.

बोंडावर तळहात ठेवला. उन्हात असूनही पाइप गार होता. हाताखाली तो हलकेच थरारला. करकर झाली. या वेळी चावी नव्हती, चेंबर नव्हतं. आवाज माझ्या हातात होता.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला चौकटीत काहीतरी पांढरं दिसलं. कोपरापर्यंत दुमडलेली सदऱ्याची बाही, आणि वाकलेलं कोपर. बादलीच्या कडीला हात घालताना वाकतं तेवढंच. मी पूर्ण वळलो नाही. वळायला हवं होतं, गुरुजी होते ते. पण तोंड कुठलं घेऊन वळू? मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो आणि भिंतीला म्हणालो, "आणतो. आत्ता आणतो."

मी खाली चेंबरपाशी आलो. चावी बसवली आणि वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला. पार उघडला. पाणी धावलं. जळक्या घराघरांतून, वितळलेल्या प्रत्येक बोंडातून धारा सुटल्या. राखेचा चिखल होऊन गल्लीतून काळा ओढा वाहायला लागला. मी पुन्हा वर चढलो, त्या ओढ्यातून.

गुरुजींच्या न्हाणीघरात थेंब नव्हता. बोंड कोरडं, फरशी कोरडी, राख कोरडी. शेजारच्या घरातून पाणी उसळत होतं, आणि इथे काही नाही. चावी हातात होती, ती बोंडाला टेकवून कान लावला. शांत. मग ठक्, आणि ठक्.

साहेब आले, पाणी वाया जाताना बघितलं. स्वतःच व्हॉल्व्ह बंद केला. म्हणाले, "तिथला पाइप आत वितळून बुजला असेल, काका. चला, चहा घेऊ." बुजला असेलच. मी नाही म्हणत नाही.

६

गुरुजींची मुलगी पुन्हा आली ती जागा बघायला. तिथे पुन्हा बांधायचं की सोडून द्यायचं, ते ठरवायचं होतं. मी मधल्या गल्लीचं पाणी सोडत होतो. चेंबर उघडं होतं. ती गल्लीच्या तोंडाशी थांबली, वर गेली नाही.

"काका, बरे आहात?"

"आहे. तू?"

"त्या दिवशी तुम्ही सांगितलंत म्हणून झोपू शकले," ती म्हणाली. "रोज रात्री तेवढंच आठवते. पाणी होतं."

मी चावी आणखी अर्धा फेरा फिरवली.

ती उन्हात डोळे बारीक करून म्हणाली, "तिथे शाळेत सगळे भांडत होते ना, कशामुळे लागली म्हणून. मी आता कुणाशी वाद घालत नाही. गवताने लागली असेल, हवेने लागली असेल. लागायची ती लागली. त्यांना पाणी मिळालं, मला एवढं पुरे आहे." मग चेंबरपाशी उकिडवी बसली. "बाबा सांगायचे, तुम्हाला या दांड्यातून अख्खी गल्ली ऐकू येते. कोण कधी आंघोळ करतं तेही. खरं का?"

"थोडंफार."

"काय ऐकू येतं?"

मी सांगितलं. वस्तादांनी मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. सूं म्हणजे पाणी. ठक् म्हणजे माणूस. हे सांगताना मला कळत होतं मी काय करतोय ते. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती माझ्यात. तिथे बसून खोटं पुन्हा सांगायचीही नव्हती.

"मी ऐकू?"

चावी मधल्या गल्लीच्या व्हॉल्व्हवर होती. तिथे पाणी चालू होतं. तिने कान लावला असता तर तिला भरपूर सूं ऐकू आलं असतं आणि ती हसत घरी गेली असती. माझा हात त्या मुठीवर होता.

मी चावी उचलली आणि शेजारच्या व्हॉल्व्हवर बसवली.

"ही कुठली?" तिने विचारलं.

"तुमची."

"पण तिकडे तर..."

"लाव कान."

तिने केस मागे सारले आणि कान लावला. मी दांडा धरून होतो. मनात म्हणत होतो, आज नको. साहेबांना आला नाही तसा हिलाही नको येऊ दे. आणि म्हणत होतो, येऊ दे.

करकर माझ्या तळहाताला कळली. तिच्या भुवया वर गेल्या. तिला गंमत वाटली असावी. मग शांत. ती वाट बघत होती. ओठ किंचित उघडे ठेवून, सूं कधी येतं त्याची. पुष्कळ वेळ गेला. माझ्या मनगटात कळ आली, पण मी हात हलवला नाही. तिचे ओठ हळूहळू मिटत गेले.

मग ठक्.

आणि मग दुसरं, बारीक, जोर लावून आवळल्याचं.

तिने डोळे मिटून घेतले. त्या घरात ती लहानाची मोठी झाली होती. तो नळ असा बंद होताना तिने किती वेळा ऐकला असेल, ते मला कुणी सांगायला नको होतं.

तिने कान काढला नाही. पुन्हा करकर झाली. पुन्हा शांत. पुन्हा ठक्, आणि ठक्. असं किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही. मधल्या गल्लीत कुणीतरी बादली भरून नळ बंद केला, तो मला पायाखाली कळला.

"पोरी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी कान लावला होता. तेव्हा काही आलं नाही."

ती उठली. माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला धरून राहायला काहीतरी मिळालं असतं. तिने गल्लीत वर, छप्पर नसलेल्या घराकडे एकदा बघितलं. खांद्यावरची पिशवी नीट केली आणि उतारावरून खाली चालत गेली.